पाण्यात सुझुकी कपलिंग: आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये पॅलेडियमची पहिली रिअ‍ॅक्शन कशी लावायची

एमएस्सी टूच्या प्रोजेक्टला कपलिंग रिअ‍ॅक्शन, म्हणजे दोन रेणूंचे तुकडे कार्बन-कार्बन बाँडनं जोडणारी, घ्या म्हटलं की आपल्याकडची पोरं लगेच म्हणतात, मॅडम नको, पॅलेडियम महाग, ग्लोव्ह बॉक्स नाही, आर्गॉन नाही, आपल्या कॉलेजला नाही जमायचं. सांगली, मिरज, विटा, कराड, सातारा, सगळीकडं मला हेच ऐकायला मिळालंय, आणि मग परत तेच चाल्कोन आणि तेच शिफ बेस. नेट-सेटसाठी कॅटॅलिटिक सायकल सगळ्यांची तोंडपाठ असते, ऑक्सिडेटिव्ह अ‍ॅडिशन, ट्रान्समेटलेशन, रिडक्टिव्ह एलिमिनेशन, पण ती सायकल फ्लास्कमध्ये फिरताना कशी दिसते, अडकली तर कुठं अडकली हे कसं ओळखायचं, ते कुणालाच सांगता येत नाही. ते शिकायला महागडा सेटअप लागत नाही. पाणी, पोटॅशियम कार्बोनेट, दहा टक्के पॅलेडियम ऑन चारकोल आणि एक कंडेन्सर एवढ्यावर एक सुझुकी कपलिंग, म्हणजे हॅलाइड आणि बोरॉनिक अ‍ॅसिड पॅलेडियमनं जोडायची रिअ‍ॅक्शन, व्यवस्थित होते. ती आधी करा आणि मग फॉस्फीनवाल्या, म्हणजे पॅलेडियमला धरून ठेवणारा फॉस्फीन लिगँड लागणाऱ्या, रिअ‍ॅक्शनकडं जा.

आता एवढा आग्रह का, तर ही रिअ‍ॅक्शन आपल्या आजूबाजूलाच आहे. घरात कुणाला बीपीसाठी लोसार्टन चालू असेल तर त्या औषधातले दोन बेंझिन रिंग एकमेकांना जोडायला कारखान्यात सुझुकी कपलिंग वापरलं गेलेलं आहे. तासगाव, कवठेमहांकाळकडं द्राक्षबागेवर भुरी आली की जी बुरशीनाशकं फवारतात त्यातलं बॉस्कॅलिड हेही सुझुकीनंच बनतं, २-क्लोरोनायट्रोबेंझिन आणि ४-क्लोरोफिनाइल बोरॉनिक अ‍ॅसिड घेऊन. ह्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. क्लोरीन दोन्हीकडं आहे, तरी तुटतो फक्त नायट्रोच्या शेजारचा, कारण नायट्रो ग्रुप रिंगमधले इलेक्ट्रॉन ओढतो आणि त्या बाजूच्या कार्बन-क्लोरीन बाँडमध्ये पॅलेडियम सहज घुसतं, बोरॉनिक अ‍ॅसिडवरचा क्लोरीन तसाच राहतो. हे एक उदाहरण नीट डोक्यात बसलं की हॅलाइड निवडायला अर्धी मदत होते.

सायकल थोडक्यात सांगते, कारण पुढं सगळं ह्यावरच आहे. पॅलेडियम झिरो (ऑक्सिडेशन स्टेट शून्य) आधी कार्बन-हॅलोजन बाँडमध्ये शिरतं आणि पॅलेडियम टू होतं. आयोडाइड सगळ्यात सोपं, मग ब्रोमाइड, क्लोराइड फार अवघड, ट्रायफ्लेट साधारण ब्रोमाइडच्या आसपास. मग बेसमुळं बोरॉनिक अ‍ॅसिडवर जास्तीचा हायड्रॉक्साइड बसून ते बोरोनेट होतं, त्याचा अराइल ग्रुप, म्हणजे बेंझिन रिंगचा तुकडा, पॅलेडियमवर येतो. आता पॅलेडियमवर दोन अराइल शेजारीशेजारी, ते एकमेकांना जोडले जातात, बाहेर पडतात, पॅलेडियम परत झिरो. बेस नसेल तर दुसरी पायरी होतच नाही, म्हणून बेस कमी टाकून चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आता रिअ‍ॅक्शन. ४-आयोडोफिनॉल आणि फिनाइल बोरॉनिक अ‍ॅसिड, प्रॉडक्ट ४-फिनाइलफिनॉल. ही जोडी मुद्दाम घ्यायची, कारण फिनॉल बेसमध्ये फिनॉक्साइड होऊन पाण्यात विरघळतं, बोरॉनिक अ‍ॅसिडही बेसमध्ये विरघळतं, आणि आयोडाइड असल्यानं पहिली पायरी लवकर होते, म्हणून फॉस्फीन लिगँडची गरज पडत नाही. बऱ्याच प्रोसिजर १ मिलिमोलवर असतात, त्यात चारकोल फक्त ३ मिलिग्रॅम लागतो आणि आपल्या कॉलेजच्या बॅलन्सवर ३ मिलिग्रॅम म्हणजे अंदाजच, म्हणून सरळ पाचपट करा. ४-आयोडोफिनॉल १.१ ग्रॅम म्हणजे ५ मिलिमोल, फिनाइल बोरॉनिक अ‍ॅसिड ६७० मिलिग्रॅम म्हणजे ५.५ मिलिमोल, पोटॅशियम कार्बोनेट २.०७ ग्रॅम म्हणजे १५ मिलिमोल, दहा टक्के पॅलेडियम चारकोल १५ मिलिग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर ५० मिली. १५ मिलिग्रॅमचा हिशोब केला तर पॅलेडियम साधारण ०.३ मोल टक्केच पडतं, आणि १ ग्रॅमच्या बाटलीत अशा साठाच्या वर रिअ‍ॅक्शन होतात, तेव्हा महाग म्हणून सोडायचं कारण राहत नाही.

बाटलीवरचं लेबल नीट वाचा. पॅलेडियम चारकोल बऱ्याचदा ५० टक्के पाण्यानं ओला करून विकतात, तसा असेल तर दुप्पट घ्यायचा, म्हणजे ३० मिलिग्रॅम. ओला मिळाला तर उलट चांगलंच, तो जास्त सेफ असतो. कोरडा चारकोल आणि मिथेनॉलची वाफ हवेत एकत्र आली की पेट घेऊ शकते, म्हणून कोरड्या चारकोलवर कधीही मिथेनॉल ओतायचं नाही आणि मिथेनॉलमध्ये कोरडा चारकोल टाकायचा नाही. आधी तो वेगळ्या छोट्या टेस्ट ट्यूबमध्ये ४-५ मिली पाण्यात भिजवून स्लरी करायची आणि ती स्लरी फ्लास्कमध्ये ओतायची.

पाणी आधी दहा मिनिटं उकळून झाकून गार करा, त्यात विरघळलेला ऑक्सिजन बराचसा निघून जातो. नायट्रोजनचं सिलिंडर असेल तर लांब सुईनं पंधरा मिनिटं बबल करा, नसेल तर नुसतं उकळणं चालतं, ही रिअ‍ॅक्शन तेवढं सोसते. बोअरचं पाणी अजिबात वापरू नका, आपल्याकडं ते क्षारांचं असतं, कार्बोनेट टाकलं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि मग फिल्टर करताना प्रॉडक्ट कुठलं आणि चुना कुठला कळत नाही.

१०० मिलीच्या आरबीत (गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये) आयोडोफिनॉल, बोरॉनिक अ‍ॅसिड, कार्बोनेट घ्या, पाणी ओता, मॅग्नेटिक बीड टाका, पाच मिनिटं फिरवा, बहुतेक सगळं विरघळतं. मग स्लरी ओता, ट्यूब एकदोन मिली पाण्यानं धुवून तेही आत. रिफ्लक्स कंडेन्सर लावा आणि ऑइल बाथमध्ये जोरात फिरवत उकळी आणा. एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी एवढं तापलेलं असतं की कंडेन्सरमध्ये थंड व्हायचं नावच नाही, तेव्हा कूलरचा छोटा पंप एका बादलीत सोडा, बादलीत बर्फ टाका आणि तेच पाणी गोल फिरवा, टाकीही रिकामी होत नाही. फिरवणं मात्र जोरात हवं, चारकोल तळाला बसला तर रिअ‍ॅक्शन रेंगाळते.

उकळी आल्यापासनं अर्धा तास. ह्या अर्ध्या तासात फ्लास्ककडं बघा. सुरवातीला काळसर पातळ द्रावण असतं, प्रॉडक्टही बेसमध्ये मीठ होऊन बरंचसं विरघळलेलं राहतं, म्हणून वरून फार काही बदललेलं दिसत नाही, आणि इथंच पोरं घाबरतात की काही होतच नाहीये. टीएलसी टाका, म्हणजे प्लेटवर ठिपका चढवून काय उरलंय ते बघा. अर्धा मिली काढा, टेस्ट ट्यूबमध्ये एकदोन थेंब हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं अ‍ॅसिडिक करा, थोड्या इथाइल अ‍ॅसिटेटनं हलवा, वरचा थर प्लेटवर स्पॉट करा. हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेट ८:२. आयोडोफिनॉल आणि फिनाइलफिनॉलचे आरएफ, म्हणजे ठिपके चढायची उंची, जवळजवळ येतात, म्हणून मधला कोस्पॉट (एकाच जागी दोन्ही) टाकल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, एसएम (स्टार्टिंग मटेरियल, इथं आयोडोफिनॉल), को, रिअ‍ॅक्शन असे तीन स्पॉट प्रत्येक प्लेटवर. आणि सगळ्यात वर, सॉल्व्हंट फ्रंटच्या जवळ एखादा स्पॉट दिसला तर तो बायफिनाइल समजा, त्याच्याबद्दल पुढं सांगते.

एसएम संपलं की बाथ काढा, गार होऊ द्या, मग फ्लास्क फिरवत २ मोलरचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड हळूहळू टाका. एकदम ओतलं तर कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळून सगळं टेबलावर येतं, १५ ते २० मिली लागतं, लिटमस लाल होईपर्यंत. आता प्रॉडक्ट खाली पडतं आणि चारकोलही त्यातच, म्हणून गाळल्यावर हातात राखाडी रंगाचा लगदा येतो, पांढरा नाही. तो पाण्यानं चांगला धुवा पण पंपानं खडखडीत वाळवू नका, ओलसरच राहू द्या. ओला लगदा ४० ते ५० मिली कोमट मिथेनॉलमध्ये विरघळवा, प्रॉडक्ट विरघळतं, चारकोल राहतो, तो सिलाइटच्या (गाळायला वापरायची बारीक पावडर) पातळ थरातनं गाळा. गाळण चालू असताना हवा ओढत राहू नका, शेवटचं मिथेनॉल जायच्या आत वरून पाणी सोडा, आणि तो फिल्टर पेपर लगेच पाण्याच्या बीकरमध्ये. तो कोरडा डस्टबिनमध्ये टाकला तर आग लागू शकते, हे मी प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी सांगते आणि प्रत्येक वेळी उभी राहून बघते.

फिल्ट्रेट स्वच्छ असायला पाहिजे, काळी झाक असेल तर परत सिलाइट. त्यात फिरवत तेवढंच पाणी टाका, पांढरं चकचकीत प्रॉडक्ट पडायला लागतं. ते दृश्य एकदा बघितलं की पोरांचा पॅलेडियमबद्दलचा सूर बदलतो. गाळा, वाळवा, वजन करा, थिऑरेटिकल ८५० मिलिग्रॅम, त्यातलं ७० टक्क्यांच्या वर आलं तर छान. मेल्टिंग पॉइंट १६४ ते १६६ अंश सेल्सिअस. आयोडोफिनॉलचा ९२ ते ९४ आहे, म्हणजे एसएम राहिलं असेल तर मेल्टिंग पॉइंट लगेच खाली येतो आणि पसरतो, एनएमआर नसला तरी एवढ्या पुराव्यावर व्हायव्हाला ठामपणे बोलता येतं.

चारकोलबद्दल एक. पॅलेडियम कार्बनच्या पृष्ठभागावर बसूनच काम करतं असं सगळे लिहितात, पण अशा कपलिंगमध्ये थोडं पॅलेडियम द्रावणात सुटतं, तिथं सायकल चालवतं आणि रिअ‍ॅक्शन संपत आली की परत कार्बनवर बसतं असं बऱ्याच अभ्यासांतनं दिसलंय. म्हणून उकळत असतानाच गाळलं तर फिल्ट्रेटमध्ये पॅलेडियम सापडू शकतं, पूर्ण गार करून गाळलेलं बरं. औषधात हा मुद्दा फार मोठा असतो, तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे. कुपवाड एमआयडीसीत किंवा बाहेर कुठं फार्मामध्ये इंटरव्ह्यूला गेलात आणि प्रोजेक्ट सुझुकी सांगितला की पॅलेडियम कसं काढलं हा प्रश्न येऊ शकतो, उत्तर तयार ठेवा.

आता दुसरी रिअ‍ॅक्शन, फॉस्फीनवाली. आयोडाइड महाग असतात, खरं काम ब्रोमाइडवर चालतं. ४-ब्रोमोअ‍ॅसिटोफिनोन घ्या, १ ग्रॅम म्हणजे साधारण ५ मिलिमोल, अ‍ॅसिटाइल ग्रुप इलेक्ट्रॉन ओढतो म्हणून हे ब्रोमाइड आज्ञाधारक आहे, ४-ब्रोमोअ‍ॅनिसोल त्यापेक्षा हळू. फिनाइल बोरॉनिक अ‍ॅसिड ६ मिलिमोल ७३० मिलिग्रॅम, पोटॅशियम कार्बोनेट १० मिलिमोल १.३८ ग्रॅम, डायॉक्झेन-पाणी ४:१ मिळून २० मिली. कॅटॅलिस्टसाठी सगळे पेपर टेट्राकिस ट्रायफिनाइलफॉस्फीन पॅलेडियम लिहितात, पण ते नवीन असताना लिंबासारखं पिवळं असतं आणि हवा लागली की हिरवट-तपकिरी होत जातं, आपल्याकडं फ्रीजचं दार दिवसातनं किती वेळा उघडतं ते बघता ते टिकत नाही. त्याऐवजी बिस ट्रायफिनाइलफॉस्फीन पॅलेडियम डायक्लोराइड घ्या, पिवळी पावडर, हवेत टिकते, २ मोल टक्के म्हणजे ७० मिलिग्रॅम. ते पॅलेडियम टू आहे, फ्लास्कमध्ये थोडं बोरॉनिक अ‍ॅसिड खर्च करून झिरो होतं, म्हणून बोरॉनिक अ‍ॅसिड जास्त घेतलंय.

इथं मात्र नायट्रोजन पाहिजेच. कॅटॅलिस्ट सोडून सगळं फ्लास्कमध्ये, सेप्टम लावा, लांब सुई द्रावणात बुडवून वीस मिनिटं नायट्रोजन, दुसरी छोटी सुई हवा बाहेर जायला. मग कॅटॅलिस्ट, परत पाच मिनिटं, मग नायट्रोजन भरलेला ब्लॅडर (फुगा) लावून ८५-९० अंशावर दोनतीन तास. डायॉक्झेनची जुनी उघडी बाटली वापरू नका, त्यात पेरॉक्साइड होतात, ते धोकादायक तर आहेतच, फॉस्फीनही खातात. वर्कअप साधं, इथाइल अ‍ॅसिटेट-पाणी, सोडियम सल्फेट, रोटा (सॉल्व्हंट उडवायचं रोटरी इव्हॅपोरेटर), छोटा कॉलम. प्रॉडक्ट ४-अ‍ॅसिटाइलबायफिनाइल, मेल्टिंग पॉइंट १२० अंशांच्या आसपास.

रिअ‍ॅक्शन अडकली की पोरं पहिल्यांदा कॅटॅलिस्ट वाढवतात, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. प्लेट वाचा. ब्रोमाइड तसंच आहे आणि फ्रंटजवळ बायफिनाइलचा गडद स्पॉट आहे, म्हणजे ऑक्सिजन आत आहे, बोरॉनिक अ‍ॅसिडचे दोन रेणू एकमेकांनाच जोडले गेले, डीगॅसिंग सुधारा. ब्रोमाइड तसंच, बायफिनाइलही नाही आणि बोरॉनिक अ‍ॅसिड मात्र संपलं, म्हणजे पहिली पायरी हळू आहे आणि तेवढ्यात बोरॉनिक अ‍ॅसिडचा बोरॉन पाण्यानं काढून टाकला, तिथं हायड्रोजन बसला. २-पिरिडाइल आणि २-फ्युरिल बोरॉनिक अ‍ॅसिडना हा त्रास फार, ती दोनतीन भागात टाका किंवा त्यांचे जास्त टिकाऊ एस्टर वापरा. ब्रोमाइड संपलं पण त्याच्या जागी नुसतं अ‍ॅसिटोफिनोन दिसतंय, म्हणजे पॅलेडियमवर कुठून तरी हायड्राइड आला, अल्कोहोल सॉल्व्हंट किंवा अमाइन बेस असेल तर आधी तो बदला. पहिल्या दहा मिनिटांतच द्रावण काळं होऊन काचेला आरशासारखा थर बसला तर फॉस्फीन ऑक्सिडाइज होऊन गेलं आणि पॅलेडियम एकमेकांना चिकटून बसलं, त्यानंतर कितीही तापवा काही होणार नाही. शेवटी काळं होणं मात्र ठीक आहे. आणि खाली, बेसलाइनच्या थोडं वर लांबट स्पॉट येतो तो ट्रायफिनाइलफॉस्फीन ऑक्साइड, त्याला प्रॉडक्ट समजून कॉलम करत बसू नका.

बोरॉनिक अ‍ॅसिडचं वजनही फसवतं. ठेवून ठेवून तीन रेणू पाणी बाहेर सोडून एकत्र येतात आणि बोरॉक्झिन होतं, बाटलीत दोन्हींचं मिश्रण असतं. रिअ‍ॅक्शनमध्ये पाणी आहे म्हणून बोरॉक्झिनही चालतं, पण मोलचा हिशोब नेमका राहत नाही, म्हणून १.१ ते १.२ इक्विव्हॅलंट घ्यायची सवय लावा.

बाकीची कपलिंग ह्याच सायकलवर बसवून बघा. हेक, मिझोरोकीनं १९७१ ला आणि हेकनं १९७२ ला, अल्कीनबरोबर, तिथं ट्रान्समेटलेशन नाहीच. सोनोगाशिरा १९७५, अल्काइन आणि कॉपर आयोडाइड, तिथं हवा आत गेली की दोन अल्काइन जोडली जातात. नेगिशी १९७७, झिंकवालं, स्टिल ह्यांचं टिनवालं, सुझुकी-मियाउरा १९७९. २०१० चं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकींना. क्लोराइड करायचं असेल तर एसफॉस, एक्सफॉससारखी भरभक्कम, इलेक्ट्रॉन देणारी फॉस्फीन लागतात, किंवा निकेल, ते स्वस्त आहे आणि क्लोराइडमध्ये चांगलं घुसतं पण त्याचे क्षार विषारी, हाताळायला जपून. तांब्याचं उलमन तर १९०१ पासनं आहे. सुरवातीला माझं मत सुझुकीच, कारण बोरॉनिक अ‍ॅसिड पाण्यात चालतं, टिनसारखं विषारी नाही आणि ग्रिगनार्डसारखं दमट हवेला रुसत नाही.

शेवटी कचरा. पॅलेडियमचा एकही फिल्टर पेपर, एकही सिलाइटचा गोळा बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात जाऊ द्यायचा नाही. आपल्या विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं देशभर सोन्याचांदीच्या दुकानातल्या झाडलोटीतनं सोनं काढतात, त्यांच्या मुलखातल्या पोरांनी पॅलेडियम नळाखाली सोडावं हे मला पटत नाही. एक रुंद तोंडाची काचेची बाटली ठेवा, अर्धी पाण्यानं भरलेली, त्यात सगळा चारकोल आणि सिलाइट ओलाच टाका, झाकण घट्ट नको, मिथेनॉल किंवा इतर सॉल्व्हंट त्यात ओतू नका. फॉस्फीनवाल्या रिअ‍ॅक्शनचं काळं सिलाइट वेगळ्या बाटलीत. घरी किंवा लॅबमध्ये जाळून धातू काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, पुरेसं साठलं की विभागप्रमुखांमार्फत मौल्यवान धातू रिकव्हर करणाऱ्यांकडं पाठवता येतं. बाटलीवर लेबल लावा: पॅलेडियम चारकोल, पाण्याखाली ठेवा, कोरडं करू नका, आणि प्रत्येक वेळी किती मिलिग्रॅम टाकलं ते तारखेसह खाली लिहीत जा.